देशमुखी, कर्ज आणि भाऊसाहेब

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

२७ डिसेंबर आला की अमरावती-अकोल्यात भाऊसाहेबांच्या पुतळ्यांना हार पडतात. शाळा-कॉलेजात भाषणं होतात. 'शिक्षणमहर्षी', 'कृषिमहर्षी', दोन-चार ठरलेले प्रसंग, मग चहा. दरवर्षी ऐकतो. डॉ. पंजाबराव देशमुख या नावातल्या 'डॉक्टर'वर लोक बोलतात, 'पंजाबराव'वर बोलतात. 'देशमुख' या शब्दावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते या माणसाचा खरा इतिहास त्या आडनावात आहे. ते त्यांना काय म्हणून मिळालं होतं, आणि त्यांनी त्याचं काय केलं, यात.

आधी देशमुख म्हणजे काय ते बघू. आज ते नुसतं आडनाव आहे. तेव्हा ते वतन होतं. इमादशाही गेली, मोगल आले, मोगल गेले, निजाम आला, पण परगण्याचा देशमुख आपल्या जागी राहिला. परगण्याचा वसूल त्याच्यामार्फत व्हायचा, त्यात त्याचा ठरलेला हक्क, शिवाय इनाम जमीन आणि मानपान. पोळ्याला कोणाचा बैल पुढं, लग्नात पहिला विडा कोणाला, हे सगळं ठरलेलं. हिशेब देशपांड्याकडे, रुबाब देशमुखाकडे. आपल्या गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या त्याच काळाच्या खुणा आहेत. आता निम्म्या गढ्या लोकांनी घरं सारवायला आणि भिंती बांधायला खणून नेल्या, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी अजून 'गढीवरचे' हा शब्द असतो. गढीवरचे म्हणजे आपल्यापेक्षा वरचे.

मग १८५३ साल आलं. निजामाला कंटिन्जंट फौजेचा खर्च झेपेना, थकबाकी वाढली, आणि त्या देण्यापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. माझं नेहमी लक्ष जातं ते इथं. आपला प्रांतच कर्जात गहाण पडलेला प्रांत आहे! १९०२ मध्ये त्या गहाणाचा कायमचा पट्टा झाला, वर्षाला पंचवीस लाख रुपये. शेतकऱ्याचा सातबारा नंतर गहाण पडला, प्रांत आधी पडला.

इंग्रजांनी इथं मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आणली. म्हणजे सरकारचा थेट हिशेब कास्तकाराशी, मधला देशमुख बाजूला. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल नावाच्या अधिकाऱ्यानं वऱ्हाडचं गॅझेटिअर काढलं, त्यात या जुन्या वतनदारांबद्दल बरंच आहे. बंगालसारखी व्यवस्था इथं आली असती तर हेच लोक मोठे जमीनदार झाले असते. ते झालं नाही. वसुलीचं काम गेलं, हक्काऐवजी रोख नेमणूक हातात पडली, आणि सत्ता गेलेला पण ताठा न गेलेला एक वर्ग मागं उरला. तो ताठा जातीत उतरला. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. वऱ्हाडातले देशमुख कुणब्यांपासून स्वतःला वेगळे धरतात, जवळजवळ वेगळी पोटजातच होऊन बसलेत, असं त्यात नोंदलंय. 'आम्ही देशमुख, ते कुणबी.' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या लग्नात ऐकलेलं आहे. खोटं नका बोलू.

रयतवारीनं दुसरी एक गोष्ट केली, ती जास्त महाग पडली. जमीन विकता येऊ लागली. विकता येते म्हणजे गहाण टाकता येते, आणि गहाण टाकता येते म्हणजे सावकार दारात उभा. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस बंद पडला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत गेली. लोकांनी घरं बांधली, लग्नं केली, कर्ज काढली. भाव पडले. कर्ज राहिलं. पुढची साठ-सत्तर वर्षं वऱ्हाडाची गोष्ट थोडक्यात हीच.

आता जरा लांब जातो, युरोपात हंगेरीला. कारण आहे.

त्याच काळात हंगेरीत सेचेन्यी नावाचं एक बडं सरदार घराणं होतं. बापानं, फेरेन्त्सनं, आपला सगळा ग्रंथसंग्रह १८०२ मध्ये देशाला देऊन टाकला, त्यातून तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. मुलगा इश्तवान. जन्म १७९१, तरुणपणी घोडदळात अधिकारी, शौकीन माणूस. १८२५ च्या विधिमंडळात त्यानं उभं राहून जाहीर केलं की हंगेरियन भाषेसाठी विद्वत्सभा काढत असाल तर माझ्या जहागिरीचं एक वर्षाचं उत्पन्न घ्या. हे झालं दानाचं. दान देणारे सरदार जगात पुष्कळ होऊन गेलेत. माझ्या दृष्टीनं त्याचं मोठेपण पुढच्या कामात आहे.

या सेचेन्यीला शेतीसुधारणेसाठी कर्ज पाहिजे होतं आणि व्हिएन्नाच्या पेढीनं ते नाकारलं. एवढ्या मोठ्या जहागीरदाराला नाकारलं! कारण असं की १३५१ पासूनच्या कायद्यानं सरदाराची वडिलोपार्जित जमीन घराण्याबाहेर विकता येत नव्हती. मग सावकार तारण म्हणून घेणार काय? सेचेन्यीनं विचार केला आणि १८३० मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'पत'. त्यात त्यानं आपल्याच वर्गाला सुनावलं की तुमचे हे विशेष हक्क तुम्हालाच बुडवताहेत. वेठबिगारीनं शेती पिकत नाही, जमीन मोकळी करा, कर भरा. तिथल्या सरदारांना कर नव्हता, बरं का. पुढं बुडा आणि पेश्त या दोन गावांमध्ये डॅन्यूब नदीवर त्यानं पूल उभारायला घेतला. त्या पुलाचा टोल सरदारालाही भरावा लागेल असं कायद्यातच घातलं. एक बडा माणूस म्हणे रडला आणि 'या पुलावर पाय ठेवणार नाही' म्हणाला. टोल चिल्लर होता. पण सरदारानं शेतकऱ्याच्या रांगेत उभं राहून पैसे मोजायचे, हे त्यांना झोंबलं.

१८४८ मध्ये तिथं क्रांती झाली. वेठबिगारी गेली, सरदारांची करमाफी गेली. सेचेन्यी मंत्री झाला, पण त्याच्या शांत सुधारणेच्या हातून गाडी सुटून लढाईकडे गेली होती. सप्टेंबरात त्याचं मन ढासळलं, त्याला व्हिएन्नाजवळच्या रुग्णालयात न्यावं लागलं. १८४९ मध्ये पूल खुला झाला, क्रांती त्याच वर्षी रशियाच्या फौजेनं चिरडली. १८६० मध्ये त्यानं तिथंच आपला शेवट केला. त्याच्या राजकीय विरोधकानं, कोशुतनं, आधीच त्याला 'सर्वांत थोर हंगेरियन' म्हणून ठेवलं होतं.

हे का सांगितलं? कारण मला ही उलटी बाजू फार बोलकी वाटते. हंगेरीत जमीन बांधलेली होती म्हणून पत नव्हती. वऱ्हाडात जमीन सुटी झाली म्हणून कर्जाचा डोंगर झाला. रोग उलटे, पण दोन्हीकडे वरच्या घरातल्या एका माणसाला कळलं की आपल्या वर्गाची जुनी इज्जत आता कोणाच्या कामाची नाही.

पापळ. आताच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. शामराव आणि राधाबाई यांच्या पोटी २७ डिसेंबर १८९८ ला पंजाबरावांचा जन्म झाला. घराण्याचं मूळ आडनाव कदम, देशमुखीमुळं कदम मागं पडलं. सेचेन्यीसारखं मोठं संस्थान वगैरे काही नाही. वऱ्हाडातल्या बहुतेक देशमुखांसारखंच, नाव मोठं आणि हातात शेती. शिक्षण चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचं हिंदू हायस्कूल, मग पुण्याला फर्ग्युसन. १९२० मध्ये विलायत. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. म्हणजे पुढं ज्यानं कर्जावर कायदा करायला लावला, त्याची स्वतःची पदवी कर्जावरची होती. सावकाराचं व्याज कसं चढतं हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

एडिंबरोची एम.ए., बॅरिस्टरी आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन ते परत आले. डॉक्टरेटचा विषय कोणता, माहीत आहे? वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानं १९३३ मध्ये ते पुस्तक काढलं. भाषणांत हे एका ओळीत उडवतात, पण थांबून विचार करा. वेद वाचायचा अधिकार कोणाला यावर भांडणाऱ्या काळात कुणब्याच्या शेतातला एक पोरगा वेदांवर प्रबंध लिहून येतो आणि वर्ष-दोन वर्षांत अंबादेवीच्या दाराशी उभा राहतो. 'शास्त्रात असं आहे' म्हणून त्याला गप्प करायची सोयच नव्हती. शास्त्र तो मूळातून वाचून आला होता.

१९२७ चं वर्ष नीट पाहण्यासारखं आहे. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. इकडे अमरावतीत अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच सुमारास बाबासाहेबांचे थोरले भाऊ बाळाराम वारल्याची बातमी आली, तरी काम थांबलं नाही. देवळाच्या मंडळींशी बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रहाची तारीख पुढं ढकलली गेली. या लढ्यात पंजाबराव पुढे होते. नाशिकचं काळाराम मंदिर १९३० चं, पुण्याची पर्वती १९२९ ची. अमरावती त्यांच्या आधीची आहे. आपणच हे विसरलो तर नाशिक-पुणेकरांना कायले नावं ठेवायची?

आणि त्याच महिन्यात, २६ नोव्हेंबरला, त्यांचं लग्न. मुंबईच्या विमलाबाई वैद्य, सोनार समाजातल्या. सोयरीक कुठल्या घरची, यावर देशमुखी टिकून होती. वसुली गेली, हक्क गेले, उरलं होतं ते 'पोरगी कुठून आणली' एवढंच. पंजाबरावांनी तेही सोडलं. दोन आठवड्यांत दोन गोष्टी केल्या, एक देवळाच्या दाराशी आणि एक स्वतःच्या उंबऱ्यात. दुसरी जास्त अवघड असते. परिषदेत टाळ्या मिळतात, भावकीत मिळत नाहीत. विमलाबाई पुढं राज्यसभेवर गेल्या, पण त्यांच्यावर कोणी नीट लिहीत नाही. कोणीतरी लिहायला पाहिजे.

त्याच सुमाराला त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं, सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र राहायचं आणि एका पंगतीत जेवायचं. शेतकरी संघ, 'महाराष्ट्र केसरी' हे पत्र. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. अधिकार मिळायचीच वाट बघत होते असं वाटतं.

१९३० मध्ये ते प्रांताच्या कायदेमंडळात गेले आणि मंत्री झाले. वेळ अशी की जगभर मंदी, कापसाचे भाव कोसळलेले. ज्या कास्तकारानं चढ्या भावाच्या हिशेबानं कर्ज काढलं होतं त्याला ते दुप्पट कापूस विकूनही फिटेना. यातून मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला, आणि त्यामागे पंजाबरावांचा जोर होता. अशा तऱ्हेचा हा देशातला पहिला कायदा. पंजाब आणि बंगाल यांनी नंतर तोच नमुना घेतला.

त्याची रीत समजून घ्या. कर्जबाजारी शेतकऱ्यानं बोर्डाकडे अर्ज करायचा. बोर्ड सगळ्या सावकारांना नोटीस काढणार, आपापला हिशेब कागदावर आणा म्हणून. मुद्दल किती, व्याज किती, कधीपासून. जो हिशेब घेऊन आलाच नाही त्याचं येणं बुडालं. मग समोरासमोर बसून तडजोड, शेतकऱ्याला झेपेल एवढी रक्कम आणि हप्ते. काही सावकार तयार झाले आणि एखादा हटून बसला तर आडमुठेपणाचा तोटा त्यालाच, बाकीच्यांचे हप्ते आधी. सक्तीची कर्जमाफी यात नव्हती, ही त्याची मर्यादा, आणि पुढं सावकारांनी हात आखडता घेतला ही तक्रारही झाली. पण पहिल्यांदा सावकाराच्या वहीला सरकारी टेबलावर यावं लागलं. जो कास्तकार आजवर ओसरीखाली उभा राहून 'मालक, थोडं थांबा' म्हणायचा तो समोर बसून 'हे व्याज कुठून आलं' असं विचारू लागला. मला हे डॅन्यूबच्या पुलावरच्या टोलासारखं वाटतं. आणि एक गोष्ट कानात सांगतो. सावकारी फक्त बाहेरून आलेल्या शेठ लोकांचीच नव्हती. गढीवरचेही व्याजानं पैसे लावायचे. हा कायदा त्यांच्याही वहीला लागू होता.

१९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था निघाली. तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, आपल्यापैकी अर्धे लोक तिथं शिकलेत, मी नाही सांगत. त्याच वर्षी त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीबद्दलचं विधेयक मांडलं होतं. देवळाचं उत्पन्न लोकांच्या कामी यावं, ही कल्पना. त्याबद्दल भाषणांत कोणी बोलत नाही. का बोलत नाही ते तुम्हीच समजा.

पुढचं भराभर सांगतो. संविधान सभेचे सदस्य, तिथं शेतकरी आणि मागासवर्ग यांच्या वाट्याचा आग्रह. १९५२ पासून दहा वर्षं नेहरूंच्या मंत्रिमंडळात शेतीचं खातं. १९५५ मध्ये भारत कृषक समाज. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन, उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर. १० एप्रिल १९६५ ला गेले. १९६७ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठासाठी आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ उभं राहिलं. आपण सगळे त्याला 'पीकेव्ही' म्हणतो. त्यातला 'पी' म्हणजे पंजाबराव, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहिलं तिच्याकडे येतो. आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं की भाऊसाहेबांनी विदर्भातल्या मराठ्यांना, देशमुखांना, पाटलांना सांगितलं, कागदावर 'कुणबी' लावा. ज्यांनी ऐकलं त्यांची पोरं ओबीसीत बसली. २०२३ पासून मराठवाड्यात जे आंदोलन सुरू आहे, निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, त्यानंतर ही गोष्ट पुन्हा पुन्हा निघते. 'तिकडच्यांनी तेव्हा भाऊसाहेबांसारखं ऐकायला पाहिजे होतं' असं लोक म्हणतात, जरा फुशारकीनं.

मला ती फुशारकी पटत नाही. भाऊसाहेबांच्या त्या सांगण्यातून आपण फक्त फायदा उचलला. 'कुणबी लावा' म्हणजे सर्टिफिकेट काढा, एवढाच अर्थ घेतला. ज्या माणसानं हे सांगितलं त्याचं आयुष्य पाहिलं तर अर्थ वेगळा लागतो. वेदांवर प्रबंध लिहिलेला, बॅरिस्टर, देशमुख घरातला माणूस म्हणतो की आपण कुणबीच आहोत, शेतात राबणारे. गढीवरून खाली या. मग त्याच न्यायानं विहीर, देऊळ, पंगत, सोयरीक हे सगळं आलं. आपण काय केलं? तहसीलमध्ये कुणबी, लग्नाच्या मांडवात देशमुख. बायोडाटा पाहा कोणाचाही. वर '९६ कुळी' आणि खाली 'जात प्रमाणपत्र: ओबीसी'. दोन्ही एकाच पानावर!

आणि गढ्या काही संपल्या नाहीत. मातीच्या पडल्या, सिमेंटच्या उभ्या राहिल्या. जिल्ह्या-जिल्ह्यात शिक्षणसंस्था, बँका, बाजार समित्या घ्या. संचालक मंडळात बाप, मग मुलगा, मग सून. मास्तराची जागा पाहिजे तर किती, हे सगळ्यांना तोंडपाठ. कोणा एका संस्थेचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, प्रत्येकाच्या तालुक्यात एक तरी आहे. भाऊसाहेबांचा फोटो मात्र प्रत्येक ऑफिसात असतो, खुर्चीच्या बरोबर मागं.

कर्जाचं तर बोलूच नका. ज्या जिल्ह्यांसाठी तो देशातला पहिला कर्ज लवाद कायदा झाला, त्याच अमरावती, अकोला, यवतमाळचं नाव गेली पंचवीस वर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येतं. सावकाराच्या जागी बँक आली, मायक्रोफायनान्स आलं, कृषिसेवा केंद्राची उधारी आली. हिशेब घेऊन समोरासमोर बसवणारं बोर्ड काही आलं नाही.

एक विनंती आहे. ज्यांच्या घरात आज्या-पणज्यांच्या लोखंडी पेट्या आहेत त्यांनी एकदा उघडून बघा. १९३३ नंतरच्या दहा-बारा वर्षांतला कर्ज लवाद बोर्डाचा कागद असेल, तडजोडीची रक्कम, हप्ते, सह्या-अंगठे असलेला, तर टाकू नका. फोटो काढून मला पाठवा. गाव आणि साल लिहा, नाव झाकलं तरी चालेल. मूळ रक्कम किती होती आणि तडजोडीत कितीवर आली, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ. पाच-पन्नास कागद जमले तर त्यावर वेगळं लिहीन.